यंत्र आप्त असतं का?

ज्या वाक्याला बोलणाराच नाही, त्या वाक्यात चूक निघणार कोणाची? वेदाच्या प्रामाण्यासाठी मीमांसकांनी उभा केलेला हा युक्तिवाद. शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्यामुळे. त्याला पुरतं माहीत नसतं, किंवा माहीत असून तो लबाडी करतो, किंवा ऐकण्याबघण्यातच त्याची गफलत झालेली असते. वेदाला कर्ता नाही, तो अपौरुषेय आहे. मग दोष येणार कुठून? कुमारिल भट्टांनी हे इतक्या ताकदीनं मांडलं की न पटणाऱ्यालाही खोडताना घाम फुटतो. संस्कृतच्या एम.ए.ला मी हा भाग परीक्षेपुरता घोकला, पुढे सहकारी बँकेत चिकटले आणि काउंटरवर अपौरुषेयत्वाचं काही काम पडलं नाही. निवृत्तीनंतर तो युक्तिवाद पुन्हा भेटला, तोही ब्रिटनच्या टपाल खात्यात.

१९९९ पासून तिथल्या पोस्टांत होरायझन नावाची संगणकप्रणाली बसायला लागली. बनवणारी कंपनी आयसीएल, जी पुढे फुजित्सूत विरून गेली. तिथली लहान पोस्टं चालवणारा माणूस खात्याचा पगारी नोकर नसतो. कंत्राटदार असतो, बहुधा किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानात एका बाजूला त्याचा पोस्टाचा काउंटर. हिशोबात तूट आली की खातं ती त्याच्याकडून भरून घ्यायचं. प्रणाली आली आणि संध्याकाळचा ताळा घेताना ठिकठिकाणी पडद्यावर तूट दिसायला लागली. गल्ल्यातली रोकड आणि पडद्यावरचा आकडा जुळेना. लोकांनी आधी पदरचे पैसे घातले, मग नातेवाइकांकडून घेतले, मग घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर कित्येकांना उत्तर मिळे की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असल्या गुन्ह्यांत दोषी धरलं गेलं. त्यांत आपल्याकडून तिकडे गेलेली माणसंही पुष्कळ होती. भारतीय वंशाची एक बाई २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेली.

पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की प्रणालीत खरोखरच दोष होते आणि त्यामुळे खोट्या तुटी दिसू शकत होत्या. २०२१ मध्ये अपील न्यायालयानं ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या टीव्हीवर या प्रकरणाची मालिका आली, सगळा देश हळहळला आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा करून उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या शिक्षा पुसल्या. वीस वर्षं न्यायालयांत जे झालं नाही ते एका मालिकेनं घडवलं, यावर वेगळा लेख होईल. तो दुसऱ्या कोणी लिहावा.

मला त्यातली एक बारीक गोष्ट सोडवत नाही. स्कॉटलंडमध्ये डालमेलिंग्टन नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये तिथल्या पोस्टाच्या व्यवहारात ८,००० पौंडांची एक नोंद करताना पडदा अडकला. बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि प्रणालीनं तीच रक्कम चारदा धरली. हिशोबात २४,००० पौंडांचा फरक पडला.

बँकेत हातानं लेजर लिहिलेल्या कोणालाही हा आकडा नुसता सांगून बघा. आमच्या वेळी शिल्लक जुळली नाही तर जुना कारकून वही उघडायच्या आधी फरकाच्या रकमेकडे बघत बसायचा. फरकाला नऊनं भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, ७२ च्या जागी २७. फरकाची निम्मी रक्कम दिवसाच्या नोंदींत सापडली तर नावेची रक्कम जमेला गेलीय. फरक एखाद्या नोंदीच्या बरोबर पटीत असला तर ती नोंद दुबार किंवा तिबार पडलीय. २४,००० म्हणजे ८,००० च्या तिप्पट! आमचे हेडक्लार्क पान तोंडात ठेवूनच म्हणाले असते, “पोस्टिंग बघ गं, तीनदा जास्त पडलंय.” फरक पडला की माणसावर संशय घेण्याआधी वहीवर संशय घ्यायचा, ही त्या कारकुनांची शिस्त होती. वही कोणीतरी लिहिलेली असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावरच्या आकड्याच्या बाबतीत नेमकं हेच आपण विसरतो.

आमच्या वाईत शनिवारी संध्याकाळी एक बैठक भरते. निवृत्त मंडळी जास्त: एक वकील, पाटबंधारे खात्यातले एक उपअभियंता, ओझर्ड्याकडचे एक ऊस बागायतदार ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मी, आणि पुण्याहून आला असेल तर माझा भाचा. तो खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. विषय त्या आठवड्याला पेपरात जो गाजतोय तो. यूपीआयवर शुल्क लावावं का, ईव्हीएम, रेशनची ई-केवायसी, घरपोच सामान देणाऱ्या पोरांना कामगार म्हणायचं की भागीदार. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचं आणि मग खोडायचं. नियम मी सुचवला आणि तो पाळला जात नाही हेही दर शनिवारी मीच सांगते. पण गाव वाई आहे. इथे नारायणशास्त्री मराठ्यांनी, म्हणजे केवलानंद सरस्वतींनी, प्राज्ञपाठशाळा चालवली, मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हिंदुधर्माची समीक्षा लिहिली. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय बोलू नये एवढी लाज तरी इथे असावी.

होरायझनचा विषय निघाला तेव्हा भाच्यानं पूर्वपक्ष उत्तम मांडला. तो मीमांसक आहे हे त्याला माहीत नाही, एवढंच.

“मावशी, प्रत्येक आकडा तपासून मगच खरा धरायचा म्हटलं तर ज्या साधनानं तपासणार ते कोण तपासणार? मग त्याला तपासणारं आणखी एक. हे कुठे थांबणार? कुठेतरी ‘चूक सिद्ध होईपर्यंत बरोबर’ असंच धरावं लागतं. तू घड्याळ बघून एसटी पकडतेस, तेव्हा घड्याळाचं प्रमाणपत्र मागतेस का?”

याला शास्त्रात स्वतःप्रामाण्य म्हणतात. ज्ञान झालं की ते खरं धरायचं. खोटं ठरवणारं काही पुढे आलं तरच सोडायचं. खरेपणाला बाहेरचा पुरावा मागितला की त्या पुराव्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी अनवस्था होते. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरूनच कळतो, याला परतःप्रामाण्य म्हणतात: पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तर ते पाणी. हा वाद शेकडो वर्षं चालला. इंग्रजांच्या न्यायालयात तो विसाव्या शतकाच्या अखेरीस पोचला, आणि तिथे मीमांसक जिंकले. १९८४ च्या एका कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. विधी आयोगाला हे जाचक वाटलं आणि १९९९ मध्ये ते कलम रद्द झालं. त्यानंतर गृहीतक उरलं ते असं की संगणक नीट चालत होता. तसं नव्हतं म्हणणाऱ्यानं आधी काहीतरी दाखवावं. कलम रद्द झालं त्याच वर्षी होरायझन दुकानादुकानांत बसू लागलं. आता जिल्ह्याच्या गावी किराणा दुकान चालवणारा माणूस फुजित्सूच्या आतल्या नोंदी कुठून आणणार?

पण कुमारिलांवर अन्याय नको. त्यांच्या मतात विश्वास काढून घ्यायच्या दोन वाटा स्पष्ट आहेत. एक, उलट ज्ञान झालं, म्हणजे बाधक आलं. दुसरी, ज्या साधनानं ज्ञान झालं त्याच्यातच दोष आहे असं कळलं. डोळ्याला कावीळ आहे हे कळल्यावर शंख पिवळा दिसतो यावर मीमांसकही विश्वास ठेवत नाही. टपाल खात्याकडे दोन्ही होतं. शेकडो माणसं एकच तक्रार करत होती, हे बाधक. प्रणालीतल्या दोषांच्या नोंदी फुजित्सूकडे होत्या आणि तिथली माणसं दुरून शाखेच्या हिशोबात शिरून बदल करू शकत होती, हा साधनातला दोष. दुरून काही बदलताच येत नाही, असं खातं वर्षानुवर्षं सांगत राहिलं. म्हणजे अगदी कर्मठ मीमांसकाच्या कसोटीवरसुद्धा हा विश्वास टिकत नव्हता. बाधक दडवून ठेवायचं आणि वर ‘बाधक दाखवा’ म्हणायचं, याला कोणत्याही दर्शनात जागा नाही.

मग इतकी वर्षं तो टिकला कसा? माझ्या मते, संगणकाच्या शब्दाला आपण अपौरुषेय मानतो म्हणून. ‘मानवी हस्तक्षेप नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रशस्तिपत्रासारखं वापरतात. निविदा ऑनलाइन, म्हणून स्वच्छ. बदल्या संगणकाने, म्हणून निष्पक्ष. लाभार्थी प्रणालीने वगळले, म्हणजे कोणाचा आकस नाही. इथे कोणी बोलतच नाहीये, तर खोटं कोण बोलणार! मीमांसकांची एक पुरवणीही आहे: वेदाचा कर्ता असता तर एवढ्या परंपरेत कोणाला तरी आठवला असता, आठवत नाही, म्हणून तो नाहीच. होरायझन प्रकरणाच्या लंडनमधल्या चौकशीत मोठमोठे अधिकारी साक्षीला आले आणि ‘आठवत नाही’ हे उत्तर इतक्यांदा दिलं गेलं की मला त्या पुरवणीची आठवण होत राहिली. नैयायिकांनी तिला दिलेलं उत्तर फार देशी आहे. जुन्या पडक्या विहिरी कोणी खणल्या हे कोणाला आठवत नाही, म्हणून त्या कोणी खणल्याच नाहीत असं होतं का? वाईपासून साताऱ्यापर्यंत अशा विहिरी मोजायला बसलात तर दिवस जाईल.

बौद्ध नैयायिक आणखी पुढे जातात. दिङ्नाग-धर्मकीर्तींना शब्द हे वेगळं प्रमाण मान्यच नाही. शब्दावरून फार तर एवढं कळतं की बोलणाऱ्याला काय सांगायचं होतं. वस्तू तशी आहे का, हे त्यावरून कळत नाही. कॉलेजात मला हे टोकाचं वाटलं होतं. रेशन दुकानात उभं राहिल्यावर ते अगदी व्यवहाराचं वाटतं.

आमच्या पेठेतल्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायची रांग असते. धुणीभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, आयुष्यभर खुरपं धरलेल्या बायकांचे अंगठे उठत नाहीत. बाई पदराला अंगठा पुसते, पुन्हा लावते. दुकानदार म्हणतो, “जरा दाबून लावा, आजी.” मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. मग ओल्या फडक्यावर बोट, मग पुन्हा. यंत्रातून बाईच्या आवाजात काहीतरी घोषणा होते आणि दुकानदार म्हणतो, “नाही घेत. उद्या या.” रांगेतलं कोणी तिला खोटी म्हणत नाही, तिला चार पिढ्यांचं ओळखतात. दुकानदारही ओळखतो. पण ओळखणाऱ्या माणसांच्या शब्दापेक्षा न ओळखणाऱ्या यंत्राचा शब्द वरचढ ठरतो.

आता धर्मकीर्तींच्या बाजूनं बघा. यंत्र ‘नाही’ म्हणतं तेव्हा ‘ही ती बाई नव्हे’ असं ते सांगत नाही. साठवलेला ठसा आणि आताचा ठसा यांचं साम्य एका ठरावीक रेषेच्या खाली आहे, एवढंच ते सांगतं. ती रेषा कोणीतरी आखलेली आहे. वर सरकवली तर तोतये कमी घुसतील आणि खऱ्या बायका जास्त परत जातील. खाली आणली तर उलट. दहा तोतये चालतील पण एक आजी उपाशी परत जायला नको, की याच्या उलट, हा प्रश्न मनुस्मृतीच्या टीकाकारांना शोभेल असा धर्मशास्त्राचा आहे. तो सोडवला गेला एका आकड्यात, आणि सोडवणाऱ्याचं नाव रांगेतल्या कोणालाही माहीत नाही. पहिला आधार क्रमांक २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत आधार प्राधिकरणानंच सांगितलं की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. उरलेल्यांना लाभ नाकारला जातो असं नव्हे, पर्यायी सोय आहे, हे प्राधिकरणाचं म्हणणंही इथे नोंदवलं पाहिजे. सोय आहे. फक्त यंत्र ती सांगत नाही, आणि दुकानदार ती किती वेळा वापरतो हे त्याच्या डोक्यावर कोण बसलंय त्यावर ठरतं. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि अनुदानांसाठी आधार टिकलं. एकटे न्यायमूर्ती चंद्रचूड विरोधात होते.

भाचा म्हणाला, “म्हणजे तुझा मुद्दा अचूकतेचा आहे. ८८ चे ९९ करू. होतंय ते. आता चेहऱ्यावरूनही पडताळणी होते.”

माझा मुद्दा अचूकतेचा नाही.

वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरच्या भाष्यात एक प्रश्न विचारलाय: कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा तो कशाच्या जोरावर? ज्याच्या शब्दावर विसंबावं त्याला ते आप्त म्हणतात, आणि तो ऋषीच हवा असं नाही. आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखं. जातीवरून ते ठरत नाही हे त्या काळात लिहिणं सोपं नव्हतं. मग ठरतं कशावरून? तीन गोष्टींवरून. एक, त्यानं ती गोष्ट स्वतः पारखलेली असते. दुसरी, जसं आहे तसं सांगावं अशी त्याची इच्छा असते. आणि तिसरी, ऐकणाऱ्या जीवांविषयी त्याला दया असते.

ही तिसरी अट मला पुष्कळ दिवस उपरी वाटत होती. खऱ्याखोट्याच्या हिशोबात दयेचं काय काम? वैद्यानं निदान बरोबर केलं की झालं, तो प्रेमळ असो की खडूस. पण भाष्यकार काय म्हणतात ते नीट पाहिलं तर तर्क कडक आहे. आप्त माणसाला वाटतं की हे बिचारे स्वतः जाणू शकत नाहीत. आपण सांगितलं नाही तर त्यांना टाळायचं काय आणि धरायचं काय हे कळणार नाही. म्हणून तो सांगतो. माहिती असून न सांगणारा, किंवा अर्धी सांगून थांबणारा, खोटं एकही वाक्य बोलत नाही. तरी त्याच्या शब्दावर विसंबणारा बुडतो. ‘असं फक्त तुमच्याकडेच होतंय’ हे वाक्य बोलणाऱ्या फोनवरच्या पोराला कदाचित ते खरंच वाटत असेल. पण ऐकणाऱ्याचं पुढे काय होणार याची ज्याला चिंता असते तो तेवढ्यावर फोन ठेवत नाही. दुसऱ्या कोणाची तक्रार आलीय का बघतो. दया नसली की ज्ञान अर्ध्यावर थांबतं. म्हणून ती विश्वासार्हतेच्या अटींत बसते, सद्गुणांच्या यादीत नव्हे.

यंत्राबद्दलच्या चर्चेत आपण तीनपैकी पहिल्या अटीवर सगळा वेळ घालवतो. किती टक्के अचूक? दुसरीवर थोडा, कंपनी काही लपवते का? तिसरी काढली की लोक हसतात. यंत्राला कसली दया? बरोबर, यंत्राला नाही. पण यंत्राचा शब्द पौरुषेय आहे हे एकदा मानलं की अट त्याच्या मागच्या माणसांना लागते. आजीला परत पाठवल्यावर तिच्या घरी आज काय शिजलं, हे कळायची काही वाट त्या यंत्रणेत आहे का? ‘नाही’ म्हणताना ‘आता तहसीलमध्ये अमक्याकडे जा, तोवर वहीवर सही करून धान्य घे’ एवढं सांगायची सोय आहे का? नसेल तर ९९ टक्के अचूक असूनही ते वात्स्यायनांच्या हिशोबात आप्त नाही.

इथे अण्णा बोलले. “ताई, तुमचं शास्त्र ठीक आहे. आम्ही काट्यावर कधीच विश्वास ठेवला नाही, तेही शास्त्र न वाचता.” उसाचा काटा मारला जातो, ही साताऱ्या-कोल्हापूरकडची प्रत्येक हंगामातली तक्रार. काटे आता डिजिटल झाले तरी संशय गेला नाही. अण्णा ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर चढवतात, पावती खिशात घालतात आणि मग कारखान्याच्या गेटात शिरतात. बाहेर वजन करून आलेली गाडी नको, असं काही ठिकाणी ऐकवलं जातं म्हणे. मी अण्णांना सांगितलं की तुम्ही परतःप्रामाण्यवादी आहात. ते म्हणाले, मी शेतकरी आहे. अनवस्थेचं भाच्यानं काढलेलं भूत त्यांनी एका पावतीत गाडलं: दुसरा काटा दुसऱ्या मालकाचा असला की पुरे, तिसरा लागत नाही.

हीच गोष्ट चॅटजीपीटीच्या त्या अमेरिकन वकिलाला कळली असती तर बरं झालं असतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एव्हियान्का विमानकंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यानं अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखले म्हणून दिले. चॅटजीपीटीनं ते रचले होते. त्याला शंका आली होती, पण शंका त्यानं विचारली ती चॅटजीपीटीलाच: हे निवाडे खरे आहेत ना? उत्तर आलं, हो. ५,००० डॉलर दंड झाला. आमच्या वकीलसाहेबांना ही गोष्ट इतकी आवडते की ती त्यांनी सांगितली नाही असा शनिवार क्वचित जातो.

ईव्हीएमवर मात्र बैठकीत वाद होत नाही, भांडण होतं. २०२४ च्या डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी आपल्यापुरतं कागदी मतदान घेऊन ताळा बघायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. तेव्हापासून उपअभियंता आणि अण्णा एका बाकावर बसत नाहीत. यंत्रांत फेरफार होतो असं मला वाटत नाही. शंभर टक्के व्हीव्हीपॅट मोजणीची मागणी सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेटाळली, त्यामागची कारणंही मी वाचली. तरी २००९ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानं मतदानयंत्रांविषयी जे म्हटलं ते माझ्या मनात घर करून आहे: मतमोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला खास ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत. तिथल्या यंत्रांत गडबड सापडली होती असं नाही. पडताळता येत नाही, एवढंच कारण पुरलं. सात सेकंद काचेआड दिसणारी चिठ्ठी हे आपल्याकडचं खासगी काट्याचं काम आहे, आणि गावकऱ्यांना तो काटा जरा जास्त वेळ हवा असेल तर त्यांना देशद्रोही म्हणायचं कारण नाही. उपअभियंत्यांना हे वाक्य वाचून राग येईल. त्यांचा पूर्वपक्ष मी पुढच्या वेळी नीट मांडीन.

आपल्या कायद्यात एक गोष्ट मला आशेची वाटते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या जागेवरून खोतकर आणि गोरंट्याल यांचा वाद झाला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, असा प्रश्न, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण. त्या चित्रीकरणाला लागणारं प्रमाणपत्र मागून मागून अधिकाऱ्यांकडून मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२० च्या जुलैत न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर संगणकीय पुराव्याला असं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट आणखी घट्ट झाली: यंत्राचा ताबा असणाऱ्याची सही आणि शिवाय तज्ज्ञाची सही. म्हणजे यंत्राच्या शब्दाला आपल्या कायद्यानं निदान कागदावर तरी बोलणारा माणूस जोडला. इंग्रजांनी काढून टाकलेली वस्तू आपण ठेवली.

वकीलसाहेब हसले. तालुक्याच्या कोर्टात हा तज्ज्ञ कुठून येणार, आणि आला तर नोटरी मारतात तशी सही मारून जाणार, असं त्यांचं म्हणणं. भाच्याची अडचण जास्त खोल होती. “मावशी, आमच्या एका प्रणालीत हजारो जणांनी लिहिलेले तुकडे असतात. कितीतरी फुकट मिळणारे, कोणी लिहिले हेही माहीत नसतं. मी सही करायची म्हणजे न पाहिलेल्या विहिरीच्या पाण्याची हमी द्यायची.”

मी त्याला तिजोरीच्या खोलीचं सांगितलं. बँकेत तिला दोन किल्ल्या. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. संध्याकाळी रोकड मोजून दोघांनी सही करायची. सही केली की तूट आपल्या पगारातून. पण किल्लीही आपल्याच कंबरेला असायची, हे विसरू नकोस. होरायझनमध्ये तूट भरणारा एक आणि किल्ली भलत्याच्याच हातात, तीही दुरून चालणारी. ज्याला आकडा बदलता येतो त्यानं सही करावी. एवढंच मागतेय मी, सगळ्या विहिरींची हमी नाही.

“मग कोणी इंजिनिअर सही करणार नाही,” भाचा म्हणाला.

“नको करू दे. मग त्या आकड्यावर कोणाला तुरुंगात टाकायचं नाही, आणि कोणाचं धान्यही अडवायचं नाही. माणसाच्या शब्दावर चालवायचं.”

त्याला हे मान्य नाही. माणसाच्या शब्दावर रेशन चाललं तेव्हा बोगस कार्डं किती होती ते आठव, असं तो म्हणतो, आणि ते मला आठवतं. त्या काळात दुकानदाराचा शब्दही आप्ताचा नव्हताच. पुढच्या शनिवारी त्यानं विम्याची कल्पना मांडायचं कबूल केलंय: सही करणाऱ्या तज्ज्ञाला विमा, आणि हप्ता कंपनीनं भरायचा. अण्णांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पीकविम्याचा अनुभव आहे, बोलायला अर्धा तास लागेल.